कार्ड आपले, दुभाषा कोणाचा?

सुटे भाग आणून घरी किंवा शाळेत संगणक जुळवण्याची हौस आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात वाढली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, कॅबिनेट असे एकेक भाग घ्यायचे आणि स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन ते जोडायचे. अशा 'असेंबल्ड' संगणकाला कंपनीच्या तयार संगणकापेक्षा खर्च कमी येई आणि जोडताना शिकायलाही मिळे. जोडणी झाली, विंडोज चढवली, यंत्र चालू केले, की अनेकांच्या वाट्याला एकच अनुभव येई. पडद्यावर चित्र दिसे. पण अक्षरे ढोबळ, चिन्हे अवाढव्य आणि रंग मोजून सोळा! नवे कोरे ग्राफिक्स कार्ड बिघडले होते का? नाही. ते खाचेत नीट बसले नव्हते का? तेही नाही. विंडोजला त्या कार्डाशी बोलता येत नव्हते, एवढेच. हाती स्क्रू-ड्रायव्हर होता. हवा होता तो वेगळाच ड्रायव्हर.

आज बहुतेक वेळा हा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच शोधून आणते, म्हणून आपल्याला त्याची आठवण होत नाही. पण जुना संगणक नव्याने चालू करायचा झाला की तीच अडचण पुन्हा पुढे येते. शाळांच्या कपाटांत पडून असलेली अनेक यंत्रे बिघडलेली नसतात. त्यांच्यासाठी कोणी ड्रायव्हर लिहीत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरतात. असे का होते, हे समजून घ्यायचे तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास पाहावा लागेल.

दुभाषा कशासाठी?

ग्राफिक्स कार्ड हा एक छोटा संगणकच असतो. त्याची स्वतःची मेमरी असते आणि पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग त्या मेमरीत आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. याशिवाय कार्डावर 'रजिस्टरे' असतात. रजिस्टर म्हणजे क्रमांक दिलेला एक लहानसा खण. एका खणात विशिष्ट आकडा ठेवला की पडद्यावरील बिंदूंची संख्या बदलते, दुसऱ्या खणात ठेवला की रेषा काढली जाते, तिसऱ्यात ठेवला की चित्र सेकंदाला किती वेळा रंगवायचे ते ठरते. कोणता खण कशासाठी आणि त्यात कोणता आकडा, हे प्रत्येक चिपच्या बाबतीत वेगळे असते.

ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त एवढेच सांगायचे असते की 'येथून तेथपर्यंत रेषा काढ'. या एका वाक्याचे त्या विशिष्ट चिपच्या खणांत आणि आकड्यांत भाषांतर करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. आपण त्याला दुभाषा म्हणू. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नसेल तर व्यवहार दुभाष्यावाचून अडतो. येथेही तसेच होते. पण दुभाषा तयार व्हायला ती भाषा आधी कोणाला तरी यावी लागते. चिपची भाषा कोणाकोणाला माहीत आहे, या प्रश्नाभोवतीच हा सगळा इतिहास फिरतो.

उघडे पुस्तक

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याबरोबर पडद्यासाठी दोन कार्डे मिळत. एक एमडीए, ते एकरंगी होते आणि फक्त अक्षरे दाखवी. दुसरे सीजीए, त्यावर आडवे ३२० आणि उभे २०० बिंदू चार रंगांत दाखवता येत. आयबीएमने या संगणकाची तांत्रिक पुस्तिकाही विकायला ठेवली. तिच्यात विद्युतमंडलांच्या आकृत्या होत्या, रजिस्टरांची माहिती होती, इतकेच नव्हे तर यंत्राच्या मूळ आज्ञावलीचा मजकूरही छापलेला होता.

त्यामुळे त्या काळी ड्रायव्हर शोधत हिंडण्याचे कारण नव्हते. पुस्तिका वाचून कोणताही प्रोग्रॅमर कार्डाशी थेट बोलू शके. एक उदाहरण घेऊ. अक्षरांच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी बसत, म्हणजे एकूण २००० अक्षरे. प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागत; एक अक्षराच्या संकेतांकासाठी, दुसरा त्याच्या रंगासाठी. म्हणजे ४००० बाइटांत सगळा पडदा मावे. सीजीए कार्डावर या मेमरीच्या पहिल्या बाइटमध्ये ६५ हा आकडा ठेवला, की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी 'ए' उमटे. ज्याला हे एकदा समजले त्याला दुभाष्याची गरज उरत नसे.

थाई लिपी आणि देवनागरी

भाषा उघडी असली की काय घडते याचे उत्तम उदाहरण लगेच पुढच्या वर्षी मिळाले. व्हान सुवन्नुकुल या थाई संशोधकाला आपला प्रबंध थाई लिपीत आयबीएमच्या संगणकावर लिहायचा होता. एमडीए कार्डातील अक्षरे कायमची कोरलेली होती, त्यांत थाई नव्हती. सीजीएवर बिंदू हवे तसे मांडता येत. पण ते इतके थोडे होते की थाई अक्षरांवरची आणि खालची चिन्हे स्पष्ट उमटत नसत. सुवन्नुकुल यांनी १९८२ मध्ये स्वतःचेच कार्ड तयार केले. आडवे ७२० आणि उभे ३४८, म्हणजे अडीच लाखांहून अधिक बिंदू, आणि त्यांतला प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळता किंवा विझवता येण्याजोगा. हेच पुढे जगभर गाजलेले हर्क्युलिस कार्ड. ते आयबीएमच्या एकरंगी पडद्यावर चाले आणि आयबीएमच्या कार्डासारखी अक्षरेही दाखवी.

ही अडचण आपल्याही परिचयाची आहे. सीजीए कार्डावर एका अक्षराला आडवे आठ आणि उभे आठ बिंदू मिळत. एवढ्या जागेत इंग्रजी 'ए' बसतो. पण 'र्त्स्ये' कसे बसवणार? शिरोरेषा, वरच्या मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरे यांना जास्त बिंदू लागतात. आयआयटी कानपूर येथे १९८०च्या दशकात यावर काम झाले आणि ते तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेकडे आले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. तेथून आलेले 'जिस्ट' कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांतही मराठी, हिंदी, तमिळ अशा लिपींत मजकूर टाइप करता येई. थाई असो की देवनागरी, हे शक्य झाले कारण संगणकाच्या खाचेची आणि पडद्याच्या मेमरीची भाषा छापील पुस्तकात उपलब्ध होती. आयबीएमच्या अभियंत्यांनी या लिपींचा विचार केलेला नव्हता. पण ज्यांना गरज होती त्यांना तो करण्याची वाट मोकळी राहिली होती.

ऐंशीऐवजी अठरा

पुढे कार्डे वाढली. आयबीएमनेच १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए आणले. इतर कंपन्यांनीही आपापली कार्डे काढली. आता प्रत्येक आज्ञावलीला प्रत्येक कार्डाची भाषा शिकावी लागू लागली. हिशेबाची लोटस वन-टू-थ्री ही आज्ञावली बसवताना 'तुमच्या संगणकात कोणते कार्ड आहे' असे विचारले जाई आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर निवडावा लागे. चित्रकामाच्या आज्ञावलीचे ड्रायव्हर वेगळे, शब्दलेखनाच्या आज्ञावलीचे वेगळे.

हे गणित वर्गात मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, दहा आज्ञावल्या आहेत आणि आठ प्रकारची कार्डे आहेत. प्रत्येक आज्ञावलीत प्रत्येक कार्डासाठी दुभाषा हवा, म्हणजे १० गुणिले ८, एकूण ८० दुभाषे. पण मध्ये एक समाईक भाषा ठेवली तर? दहा आज्ञावल्यांनी फक्त ती भाषा शिकायची आणि आठ कार्डांसाठी त्या भाषेतून भाषांतर करणारा एकेक दुभाषा लिहायचा. १० अधिक ८, म्हणजे १८ कामांत भागते. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या विंडोजमध्ये हीच युक्ती होती. मे १९९० मधील विंडोज ३.० नंतर ती घरोघरी पोहोचली.

सोय मोठी झाली. पण तिच्याबरोबर एक बदल झाला, तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. पूर्वी ड्रायव्हर आज्ञावली लिहिणारा लिही, त्यामुळे कार्डाची भाषा त्याला सांगावीच लागे. आता ड्रायव्हर कार्ड किंवा चिप बनवणारी कंपनी स्वतःच लिहू लागली. मग ती भाषा बाहेर सांगण्याचे तिला कारणच उरले नाही.

याच सुमारास चिपही गुंतागुंतीच्या होऊ लागल्या. एस-थ्री कंपनीने १९९१ मध्ये काढलेली ८६सी९११ ही चिप विंडोजमधील रेषा, आयत, चित्रांची हलवाहलव ही कामे स्वतःच उरकत असे. अशा प्रत्येक चिपची तऱ्हा निराळी होती. सर्वांत समान असे एकच उरले होते, ते म्हणजे १९८७चे व्हीजीए. नवे कार्ड कितीही शक्तिमान असले तरी जुन्या व्हीजीएची भाषा त्याला येत असे. म्हणून योग्य ड्रायव्हर सापडेपर्यंत विंडोज त्या एकमेव ओळखीच्या भाषेत बोले. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० बिंदू. प्रत्येकी चार बिट, म्हणून सोळा रंग. सगळे मिळून १५० किलोबाइट. सुरुवातीला सांगितलेल्या ढोबळ अक्षरांचे आणि सोळा रंगांचे कोडे येथे सुटते. तो बिघाड नव्हता. दोन अनोळखी माणसे हातवाऱ्यांनी बोलतात, तसा तो प्रकार होता.

चार अंकांची ओळख

मग योग्य ड्रायव्हर शोधायचा कसा? १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तो कार्डाच्या खोक्यातील फ्लॉपीवर मिळे. फ्लॉपी हरवली किंवा तिला बुरशी लागली, की ओळखीच्यांकडे शोधायची, दुकानदाराला गाठायचे, नाहीतर संगणकविषयक मासिकाबरोबर येणारी सीडी तपासायची. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. पण तोही मार्ग सोपा नव्हता. १० मेगाबाइटचा ड्रायव्हर म्हणजे सुमारे ८ कोटी ४० लाख बिट. सेकंदाला ३३,६०० बिट आणणाऱ्या मोडेमवर, एकदाही खंड पडला नाही तरी, त्याला सुमारे २,५०० सेकंद लागत, म्हणजे चाळीस मिनिटांहून अधिक. तेवढा वेळ घरचा फोन अडलेला आणि मीटर चालूच!

शोधताना हमखास होणारा घोटाळा आणखी वेगळा होता. कार्डावर नाव एका कंपनीचे असे, तर त्यावरची चिप दुसऱ्याच कंपनीची. ड्रायव्हर बहुतेक करून चिपचा असतो, कार्डाचा नव्हे. आणि चिपचे नाव अनेकदा वर चिकटवलेल्या धातूच्या पंख्याखाली झाकलेले असते.

ही अडचण १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय जोडणीने पुष्कळ कमी केली. तिच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कार्डाने स्वतःची ओळख सांगावी लागते. पहिले दोन बाइट चिप बनवणाऱ्याचा क्रमांक, पुढचे दोन बाइट त्या चिपचा क्रमांक. हे क्रमांक सोळाच्या पायात, चार अंकांनी लिहितात. म्हणून ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक शक्य होतात. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एटीआयचा १००२. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचाच, ८०८६ हा क्रमांक घेतला. एस-थ्री कंपनीचा ५३३३ हा क्रमांक तर मुलांना कोडे म्हणून घालावा. अक्षरांच्या संकेतांकांच्या तक्त्यात, सोळाच्या पायात, ५३ म्हणजे इंग्रजी 'एस' आणि ३३ म्हणजे तीन हा अंक. कंपनीने क्रमांकातच आपली सही केली होती!

विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डाच्या तपशिलात हे क्रमांक आजही दिसतात. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की ते समोर येतात. पंखा न उखडता कार्डाचे खरे नाव कळते आणि मग ड्रायव्हरचा शोध नेमका होतो. अर्थात, ड्रायव्हर अस्तित्वात असेल तर!

कंपनी गेली, कार्ड उरले

ड्रायव्हर लिहिणारा एकच असेल आणि तोच नाहीसा झाला तर काय होते, हे थ्रीडीएफएक्स कंपनीच्या उदाहरणाने दाखवून दिले. कॅलिफोर्नियातील या कंपनीने १९९६ मध्ये 'व्हूडू' नावाची त्रिमितीय चित्रे झपाट्याने काढणारी चिप आणली आणि पुढची दोन-तीन वर्षे संगणकावरच्या खेळांच्या दुनियेत तिचेच राज्य होते. तिची 'ग्लाइड' ही खास भाषा फक्त तिच्याच कार्डांना कळत असे. स्पर्धेत कंपनी मागे पडली. डिसेंबर २००० मध्ये तिने आपली बहुतेक मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले आणि कारभार आवरता घेतला.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. तिच्यासाठी थ्रीडीएफएक्सचे नवे ड्रायव्हर लिहायला थ्रीडीएफएक्सच उरली नव्हती. लोकांच्या घरांतली कार्डे मात्र ठणठणीत होती. त्यांतली काही तर वर्षभरापूर्वी घेतलेली. तेव्हा हौशी मंडळी पुढे आली. जुन्या विंडोजसाठीचे ड्रायव्हर घेऊन, त्यांत फेरफार करून, ते नव्या विंडोजवर चालवण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. कंपनीने १९९९च्या अखेरीस, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षाच्या तोंडावर, ग्लाइडचा मूळ मजकूर खुला केला होता, त्याचाही उपयोग झाला. जे खुले झाले होते ते कंपनीच्या मागे टिकले. जे कुलपात राहिले त्यासाठी लोकांना अंदाजाने चाचपडावे लागले.

न सांगितलेली भाषा शिकणे

ही तक्रार ग्राफिक्स कार्डांच्याही आधीची आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचे लेझर छपाईयंत्र मिळाले. कागद अडकला की सर्वांना संदेश जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने जुन्या छपाईयंत्रासाठी केली होती. नव्या यंत्राच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर मिळेना, त्यामुळे ती करता येईना. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावल्यांची 'ग्नू' योजना जाहीर केली, तिच्यामागच्या कारणांत हा अनुभवही होता.

त्यानंतर १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला. तिच्यासाठी पडद्याचे काम 'एक्सफ्री८६' या गटाचे स्वयंसेवक करत. कंपन्यांनी पुस्तिका दिली तर ड्रायव्हर चटकन तयार होई. नाही दिली तर लोकप्रिय कार्डेही लिनक्सवर चालत नसत. एनव्हिडिया स्वतः लिनक्ससाठी ड्रायव्हर देई, पण बंद पेटीसारखा. आत काय आहे ते कोणी पाहू शकत नसे.

ती पेटी न उघडता आतली भाषा शिकायचे काम २००५ च्या सुमारास 'नूव्हो' नावाच्या गटाने सुरू केले. फ्रेंच भाषेत नूव्हो म्हणजे नवा. त्यांची पद्धत विज्ञानशिक्षकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. कार्डाच्या सगळ्या रजिस्टरांतील आकडे वाचून लिहून ठेवायचे. मग कंपनीच्या ड्रायव्हरकडून एकच छोटे काम करवून घ्यायचे; उदाहरणार्थ, एक त्रिकोण काढायचा. पुन्हा सगळे आकडे वाचायचे आणि आधीच्या यादीशी ताडून पाहायचे. जे बदलले त्यांचा त्रिकोणाशी संबंध असणार. मग त्रिकोणाचा फक्त रंग बदलायचा आणि पुन्हा ताडायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व स्थिर ठेवायचे, निरीक्षण नोंदवायचे, अंदाज बांधायचा आणि तो पुन्हा प्रयोगाने पारखायचा. लंबकाच्या प्रयोगात आपण दोरीची लांबी बदलतो आणि गोळा तोच ठेवतो, तसेच हे. फरक इतकाच की निसर्ग कोणी मुद्दाम झाकून ठेवलेला नाही. येथे मात्र माणसाला ठाऊक असलेलीच गोष्ट दुसऱ्या माणसांना नव्याने शोधावी लागत होती. फेब्रुवारी २०१० मध्ये नूव्होचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला.

दरम्यान दुसरी वाटही खुली झाली. एएमडी कंपनीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये तिच्या चिपांच्या तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध करायला सुरुवात केली. स्वयंसेवकांना आता वाचून ड्रायव्हर लिहिता येऊ लागला. एनव्हिडियाच्या २०१४ नंतरच्या चिपांनी मात्र कंपनीची डिजिटल सही असलेली अंतर्गत आज्ञावलीच स्वीकारायची अट घातली. त्यामुळे नूव्होला त्या कार्डांचा पूर्ण वेग वापरता येईना. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यात चालणारा भाग खुला केला. तरीही बरेचसे काम चिपमधल्या बंद आज्ञावलीकडेच राहिले.

दुसरी बाजू

कंपन्या भाषा लपवतात ती केवळ हट्टाने, असे म्हणणे बरोबर होणार नाही. रजिस्टरांच्या यादीवरून प्रतिस्पर्ध्याला चिपची रचना ओळखता येते. ड्रायव्हरमध्ये इतरांकडून विकत घेतलेले भाग असतात, ते प्रसिद्ध करण्याचा कंपनीला हक्क नसतो. एकस्व हक्कांवरून खटले होण्याची भीती असते. ही कारणे खरी आहेत.

पण त्याची किंमत कोण मोजतो तेही पाहायला हवे. विंडोजमधील ड्रायव्हरचा काही भाग यंत्राच्या अगदी गाभ्यात चालतो. त्यात चूक झाली तर सगळे यंत्र बंद पडू शकते. अमेरिकेतील एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत आकडे उघड झाले. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बंद पडल्याच्या ज्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांचे मूळ एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये होते. हा आकडा जपून वाचावा. एनव्हिडियाची कार्डे पुष्कळ यंत्रांत होती, तेव्हा तिचा वाटा मोठा दिसणारच. शिवाय व्हिस्टात ड्रायव्हरची रचनाच नवी असल्याने सर्वांनाच नव्याने लिहावे लागत होते. पण एक गोष्ट निश्चित. अशी चूक वापरणाऱ्याला कितीही जाचली, तरी दुरुस्त करणारा एकच असतो.

आणि खुलेपणा म्हणजे अमरत्व असेही नाही. व्हूडू कार्डांचा लिनक्समधील त्रिमितीय ड्रायव्हर खुला होता. तरी त्याची निगा राखणारे कोणी उरले नाही, तेव्हा तोही २०२३ मध्ये, लिनक्सच्या ६.३ या आवृत्तीत, गाभ्यातून काढून टाकला गेला. पण त्याचा मजकूर कोठेही हरवलेला नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतले तर तो वाचून पुन्हा उभा करता येईल. बंद ड्रायव्हरच्या बाबतीत तेवढीही आशा नसते.

आपल्या हाती काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची देखभाल संपली. नव्या विंडोज ११च्या अटींत ठरावीक प्रोसेसर आणि सुरक्षा-चिप तर आहेच, पण ग्राफिक्स कार्डाला ठरावीक आवृत्तीचा ड्रायव्हर असावा हीसुद्धा एक अट आहे. त्यामुळे चालते संगणक कपाटात जाण्याची ही आणखी एक वेळ आहे. यंत्र भंगारात देण्यापूर्वी शाळेत काही गोष्टी सहज करता येतील.

प्रत्येक संगणकातील कार्डाचे चार-चार अंकी दोन क्रमांक मुलांकडून वाचून घ्यावेत आणि साहित्याच्या नोंदवहीत खरेदीच्या तारखेशेजारी लिहून ठेवावेत. आज जो ड्रायव्हर चालतो आहे त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, त्यावर क्रमांक टाकून जपावी. पाच वर्षांनी ती मिळेलच असे नाही. जुने यंत्र पेन ड्राइव्हवरून लिनक्सने चालू करून पाहावे. त्याने हार्ड डिस्कला धक्का लागत नाही आणि त्या कार्डाची भाषा जाणणारा खुला दुभाषा आहे की नाही, ते काही मिनिटांत कळते. तो असेल तर टाकाऊ ठरलेले यंत्र आणखी काही वर्षे वर्गात काम देईल.

आणि नवे यंत्र घेताना किंमत, वेग, मेमरी यांबरोबर विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: याच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर खुला आहे का? उत्तर बहुधा दुकानात मिळणार नाही. पण चिपचे नाव आणि क्रमांक मिळाले, की त्याचे उत्तर शोधणे वरच्या वर्गातील मुलांना जमण्याजोगे आहे. पैसे भरून कार्ड आपल्या मालकीचे होते. ते किती वर्षे वापरता येईल, हे मात्र त्याच्याशी बोलायला कोणाकोणाला येते, यावर ठरते.